क्लिनिकलच्या नावानं चांगभलं

मानसशास्त्राचं एम.ए. निवडायची कुडाळची रीत ठरलेली आहे. शेजारच्या मुलीनं जिथून केलं, तिथून. ते जमत नसेल तर मामा ज्या शहरात राहतो तिथून. मामाच नसेल तर ज्या विद्यापीठाची जाहिरात मोबाइलवर सगळ्यात जास्त वेळा आली तिथून. हीच माणसं पिंगुळीत दोन गुंठे घ्यायचे झाले तर सातबारा काढतात, फेरफार बघतात, तलाठ्याकडे खेपा घालतात, वर वारसांपैकी मुंबईत कोण दडून बसलाय याचीही चौकशी करतात. मुलीची दोन वर्षं आणि घरातले काही लाख ज्या पदवीत घालायचे, तिचा सातबारा मागायचा असतो हे मात्र कुणाला सुचत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. निकाल लागले की आमच्या पडवीत माणसं येऊन बसतात. बापाचा पहिला प्रश्न, "बाई, चेडवाक सायकॉलॉजी करूची आसा. एम.ए. खय बरा?" दुसरा प्रश्न त्याहून जिव्हाळ्याचा. "मगे तिका डॉक्टर म्हणतले मां?" नाही म्हटलं की चहाचा कप खाली जातो. मग मी दर वर्षीचं पाठांतर म्हणते: गोळ्या लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, त्याला एमबीबीएस लागतं आणि वर एम.डी. लागतं, मानसशास्त्रवाला गोळ्या देत नाही, तो चाचण्या करतो, बोलून उपचार करतो, आणि नुसत्या एम.ए.वर तर तेवढंही सगळं करायची त्याला मुभा नसते. यावर आई पहिल्यांदा तोंड उघडते. "मगे बी.एड. केल्यान तर?"

मुलगी यातलं काहीच ऐकत नाही, कारण तिचं ठरलेलं असतं. ‘डिअर जिंदगी’ तिनं पाहिलेला असतो. २०१६ च्या त्या सिनेमात शाहरुख खान गोव्याच्या किनाऱ्यावर फिरत फिरत आलिया भट्टची समजूत काढतो आणि चार वाक्यांत तिच्या बालपणाची गाठ सुटते. आमच्या पेशाचं इतकं गोड नुकसान दुसऱ्या कुणी केलेलं नाही. लाटा, सायकल, मऊ उजेड. प्रत्यक्षात समोर बसलेला माणूस चाळीस मिनिटं पंख्याकडे बघतो आणि जाताना विचारतो, "मगे औषध नाय देनास?"

दुसऱ्या काही मुली आपलं स्वतःचं दुखणं समजून घ्यायला या विषयाकडे येतात. त्यांची मी थट्टा करणार नाही. एवढंच सांगते की स्वतःसाठी हवं असेल तर सरळ उपचार घ्यावेत, ते एम.ए.पेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात आणि त्यात परीक्षा नसते.

आता माहितीपुस्तिकेकडे वळू. माझ्या पडवीत या पुस्तिकांचा गठ्ठा साठला आहे. मुखपृष्ठावर जांभळा मेंदू, मेंदूत दातेरी चाकं, आत गवतावर बसून हसणारी पोरं. त्यांतल्या एकाच्याही हातात पुस्तक नाही. ‘जागतिक दर्जा’ आहे, ‘उद्योगाशी करार’ आहे, ‘प्लेसमेंट साहाय्य’ आहे. प्लेसमेंट नव्हे हं, साहाय्य. आणि ठळक अक्षरांत तो एक शब्द आहे ज्यावर आख्खं दुकान चालतं: क्लिनिकल. साध्या मानसशास्त्राला जी फी कुणी दिली नसती ती या एका शब्दापुढे बाप मुकाट मोजतो. पान उलटून शोधा, विद्यार्थ्याला कुठल्या रुग्णालयात पाठवणार, कुणाच्या हाताखाली, आठवड्यातून किती तास. सापडत नाही. वसतिगृहातल्या वायफायचा वेग मात्र छापलेला असतो.

तर हा सातबारा. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर त्या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं या माणसाची व्याख्याच करून ठेवली आहे: एक तर परिषदेनं मान्य केलेली क्लिनिकलची अर्हता, नाहीतर मानसशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण आणि वर पूर्ण वेळ दोन वर्षांचं एम.फिल., तेही देखरेखीखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासकट. म्हणजे पुस्तिकेवर ‘एम.ए. क्लिनिकल’ छापलेलं असलं तरी त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता नसेल तर पदवी हातात घेऊन तुम्ही नोंदवहीच्या दाराबाहेर. विद्यापीठ खोटं बोललेलं नसतं. पदवी खरी, शिक्का खरा, विद्यापीठही खरं. फक्त जे करता येईल असं तुम्ही गृहीत धरलं होतं ते करता येत नाही, आणि तुम्ही विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

यात सरकारनं आपल्या परीनं गोंधळ वाढवला. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. मोडीत निघालं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की क्लिनिकलचा सगळा डोलारा त्याच एम.फिल.वर उभा आहे. तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगानं क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकृतीविषयक समाजकार्य या दोनच विषयांच्या एम.फिल.ला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. दरम्यान परिषदेनं नवे अभ्यासक्रम काढले, त्यात क्लिनिकलचंच एक एम.ए. आहे. झालं! आता एकाच नावाच्या दोन पदव्या बाजारात, एक नोंदवहीत जाणारी आणि एक न जाणारी. वीस-एकवीस वर्षांच्या पोरीनं आणि काजूच्या बागेतून आलेल्या तिच्या बापानं यातली कुठली कुठली हे ओळखायचं. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढे बोलावं. दोन जुळल्या म्हणजे जुळल्या असं नाही. गेल्या वर्षापर्यंत मान्यता होती, हे उत्तर नव्हे.

आणि क्लिनिकल नकोच असेल तर? समुपदेशन, शाळा, उद्योग, संशोधन, हे सगळे प्रामाणिक रस्ते आहेत आणि त्यांना एम.फिल.चं जोखड नाही. पण तिथंही आता २०२१ चा आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग येऊन बसला आहे, त्याच्या वर्गवारीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आले आहेत. नियम येतील. यावेत. आजवर कुणीही उठून पाटी लावत होतं.

खरी गंमत २०२५ च्या जुलैत झाली. विशाखापट्टणमला वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलैला देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. म्हणजे कुडाळ तालुक्यातच किती माणसं लागतील ते मोजा. आणि त्याच महिन्यात अनुदान आयोगानं ठरवलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन शिकवायचं नाही. एका हातानं माणसं मागितली आणि दुसऱ्या हातानं ती जिथून निघत होती ते एक दार बंद केलं.

दूरशिक्षणाची मी भाट नाही. इग्नूचं मानसशास्त्राचं एम.ए. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुलं होतं, दुसऱ्या वर्षी क्लिनिकल, समुपदेशन आणि औद्योगिक यांतलं एक निवडता येई, फी कोकणी माणसाला झेपणारी होती. ज्या बाईचं लग्न झालंय, घरी म्हातारी सासू आहे, नवरा दाभोळीला वेल्डिंगचं काम करतो, तिला कलिन्याला जाऊन राहा म्हणणारे आम्ही कोण? अशा बायका रात्री भांडी झाल्यावर वाचत बसल्या आणि पास झाल्या, आणि त्यांतल्या काही माझ्या उत्तम विद्यार्थिनींपेक्षा शहाण्या निघाल्या. पण या वाटेला जी कीड लागली होती तीही मी पाहिली आहे. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र ऑनलाइन विकत मिळे. महिनाभर रविवारी झूमवर कॅमेरा बंद करून बसायचं, शेवटी सोनेरी कडेचं ई-प्रमाणपत्र, त्यावर कुणाची तरी वळणदार सही. चाचण्या मैत्रिणींवर करायच्या, प्रयोगवही गेल्या वर्षीच्या बॅचची उतरवायची. एकाही रुग्णाचं तोंड न पाहता ‘उपचारांचे कौशल्य संपादन केले’ असा दाखला. हे बंद व्हायलाच हवं होतं.

फक्त बंद करणाऱ्यांनी नकाशा उघडून बघितला असता तर बरं झालं असतं. दिल्लीत किंवा पुण्यात दूरशिक्षण बंद झालं तर मुलगी दुसऱ्या बसनं दुसऱ्या कॉलेजात जाते. इथं क्लिनिकलचं पूर्ण वेळ शिक्षण घ्यायचं म्हणजे संध्याकाळची तुतारी किंवा कोकणकन्या पकडून मुंबई गाठायची, म्हणजे खोली, डबा, लोकलचा पास आणि घरातल्या एका कमावत्या माणसाचा पगार. ज्यांना हे परवडतं त्यांच्या मुली जातातच. ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुलींसाठी जिल्ह्यात, प्रत्यक्ष कामासकट, खरी देखरेख असलेला अभ्यासक्रम काढा आणि मग दूरशिक्षणाला टाळं लावा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तिथं चार-सहा प्रशिक्षणार्थी बसवायला अशक्य असं काय आहे? पण त्यासाठी शिकवणारा माणूस कायमचा नेमावा लागतो, आणि टाळं लावायला नुसतं परिपत्रक पुरतं.

चांगला अभ्यासक्रम कसा ओळखायचा? इमारतीवरून नाही, नावावरूनही फारसं नाही. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ पासून आहे, पुण्याचा मानसशास्त्र विभाग त्याहून जुना, देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ ची. तिन्हींना मान आहे आणि प्रवेश तिन्हींचा अवघड आहे. पण जुन्या विभागातूनही कोरडी माणसं बाहेर पडलेली मी पाहिली आणि आडगावच्या कॉलेजातून निघालेली एखादी पोर माणसाला बरोबर उमजताना पाहिली. फरक एकाच ठिकाणी पडतो. तुम्ही रुग्णासमोर बसलात, तुमची फजिती झाली, आणि त्या फजितीची नोंद घेऊन दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणासमोर बसलात? ते ‘कुणी’ असणं हाच अभ्यासक्रम. बाकी पुस्तकं ग्रंथालयात मिळतात.

हे कसं चालतं ते जवळून सांगते, कारण ते पुस्तिकेत नसतं. विद्यार्थिनीनं मुलाखतीचा अहवाल शब्दन् शब्द लिहून आणलेला असतो. गुरू तो पेन्सिल घेऊन वाचतो. सातव्या मिनिटाला रुग्ण बाई म्हणाली, "आता काय, झाला ता झाला," आणि विद्यार्थिनी म्हणाली, "तुम्ही खूप धीराच्या आहात." पेन्सिल तिथं थांबते. हे कशाला म्हणालीस? बाईला बरं वाटावं म्हणून? की ती रडेल अशी तुला भीती वाटली म्हणून? विद्यार्थिनी गप्प. गुरूही गप्प. या एका थांबण्यात जे शिकून होतं ते दोनशे स्लाइडांत होत नाही. आठवड्यातून एकदा तरी असं बसवणारा माणूस ज्या विभागात आहे तिथं छप्पर गळत असलं तरी जावं. असा माणूस नसेल तर संगमरवर चाटायचा आहे का?

आणि भाषेचं काय? सगळी पाठ्यपुस्तकं इंग्रजी, चाचण्या इंग्रजी, फार तर छापील मराठी. बेकच्या नैराश्यमापिकेत २१ प्रश्न आहेत. नेरूरची म्हातारी त्यांतल्या एकाचंही उत्तर त्या साच्यात देणार नाही. ती सांगते, "झोप येणा नाय, छातीत धडधडता, पोटात गोळो येता, घराक कोणीतरी कायतरी केल्यान हा." तिनं देवळात गाऱ्हाणं घातलेलं असतं, कौल लावून झालेला असतो, एखाद्या भगताला कोंबडाही देऊन झालेला असतो. त्यानंतर ती तुमच्याकडे आलेली असते, तेही भाच्याच्या आग्रहानं. तिला ‘अंधश्रद्धा’ म्हणून झटकून टाकणारी पदवीधर मला दर वर्षी भेटते. फसवणाऱ्या बाबाबुवांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो जरूर वापरावा. पण म्हातारीवर तो चालवायचा नसतो. तिचं ऐकायचं असतं. हे शिकवणारा तास तुमच्या अभ्यासक्रमात आहे का, तुम्हाला मालवणीत, कोकणीत, आगरीत, कुठल्या तरी जित्या बोलीत रुग्णाशी बोलायला लावतात का, हे विचारलंत तर प्रवेश कार्यालयातला मुलगा तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. बघू दे.

तसं बघायला गेलं तर या विषयातली एक मोठी गोष्ट आपल्या शेजारच्याच माणसानं सांगून ठेवली आहे. आबे फारिया हा १७५६ साली गोव्यात कांदोळीला जन्मलेला पाद्री. पॅरिसला जाऊन त्यानं संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. त्या काळी सगळे मानत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसला तरी चुंबकीय द्रव समोरच्यात शिरतो. फारिया म्हणाला, छे, सारं घडतं ते निजणाऱ्याच्या मनात. लोकांनी त्याची टर उडवली, १८१९ साली तो मेला. पणजीत त्याचा पुतळा आहे. समोर बाई कोसळते आहे आणि हा हात उगारून उभा. पर्यटक भूतपिशाच्चाचा समजून फोटो काढतात. पोर्तुगीज अमदानीत त्याच्या नावानं निघालेलं मनोरुग्णालय म्हणजेच आजची बांबोळीची मानसोपचार संस्था. कुडाळहून दोन तासांवर. या पोरींपैकी कितीजणी एम.ए.चा अर्ज भरण्याआधी तिच्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर नुसतं तासभर बसून आल्या? मी सुचवते तेव्हा आई म्हणते, "इश्श, थंय कित्या?" थंय कित्या म्हणजे काय? तुझी मुलगी जन्मभर तिथंच काम करणार आहे ना?

रत्नागिरीचंही तेच. राज्याच्या चार जुन्या सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या कोकणात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. आमच्याकडे ‘रत्नागिरीक धाडूक व्हयो ह्याका’ ही शिवी आहे. त्याच जागी शिकायला मिळावं म्हणून मुलगी धडपडते आहे असं एक घर मला दाखवा.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दहापैकी एकाहून अधिक प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं आढळलं. आणि आजारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के माणसं उपचारापर्यंत पोचतच नव्हती. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१. तोच दर इथं धरला तर पन्नास हजारांहून अधिक माणसं झाली. त्यांच्यासाठी काय आहे? १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे, चांगला आहे, लावावा. ग्रामीण रुग्णालयांत कंत्राटी समुपदेशक असतात, एचआयव्ही तपासणी केंद्रात, किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये. तुटपुंज्या मानधनावर, दर वर्षी मुदतवाढीची वाट बघत. दोन वर्षं आणि चार लाख घालून आलेली मुलगी या जागेवर बसते, सहा महिन्यांत ठाण्याला किंवा बेंगळुरूला निघून जाते, आणि गाव म्हणतं, चेडू मोठा झाला.

शिक्षणसंस्थांचे चालक तर यावर कळस. वार्षिक संमेलनात ‘विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य’ यावर पाहुण्यांचं भाषण, शाल, श्रीफळ. समुपदेशक कोण? भूगोलाचे सर, कारण त्यांचा स्वभाव मनमिळाऊ आहे. कक्ष कुठे? जिथं क्रीडासाहित्य ठेवतात तिथं. पाटी मात्र फ्लेक्सची, चालकांच्या फोटोसकट. न्यायालयानं शंभर विद्यार्थ्यांची अट घातली तेव्हा मला वाटलं आता तरी कुणी विचारायला येईल की योग्य माणूस कुठला, शिकलेला कसा ओळखायचा. आले, एक जण आले. म्हणाले, "बाई, तुमी निवृत्त आसास. नुसती सही करशात?"

म्हणून यंदा पडवीत येणाऱ्यांना मी विद्यापीठाचं नाव सांगायचंच बंद केलं आहे. मी त्यांच्या हातात फोन देते. लावा आत्ता, माझ्यासमोर, स्पीकरवर. विचारा: परिषदेच्या यादीत तुमचं नाव कुठल्या अभ्यासक्रमासाठी आणि कुठल्या वर्षापर्यंत आहे? रुग्णांसमोर दोन वर्षांत किती तास? कुठल्या रुग्णालयात? देखरेख करणाऱ्या बाईंचं किंवा सरांचं नाव काय, आणि एका वेळी त्यांच्या हाताखाली कितीजण? पलीकडून गोड आवाज येतो. "मॅम, ते सगळं ओरिएंटेशनमध्ये कळेल. आधी रजिस्ट्रेशन अमाउंट भरून सीट ब्लॉक करून घ्या, ऑफर रविवारपर्यंतच आहे."

बापाला मी म्हणते, ठेव फोन. पुढचा नंबर लाव.